गोटीची पाण्यातली तालीम

सोमवार, सहा तारीख

बोगद्यात जाऊन बसलेल्या आमच्या सूनबाईला,

तारीख तुझ्या नवऱ्याला विचारली तर म्हणतो, कॅलेंडर तुझ्या डोक्यावरच लटकतंय. आपल्या पोटचा मुलगा असा बोलतो. असो.

काल फोनवर नेहमीसारखंच झालं. तू बोलतेस, तो मध्ये तोंड घालतो, गोटी फोन चाटते, आणि मला काही सुचायच्या आत तुमच्या डोंगरातली रेंज जाते. म्हणून लिहायला बसले. तुझ्या कंपनीच्या कचेरीतून बुधवारी तिकडे थैली जाते, त्यात टाकायला देईन. माझी शाळा तिसरीपर्यंतची, जोडाक्षर आलं की हात अडखळतो, तेवढं समजून घे. शिवाय फोनमध्ये माझं तोंड दिसतं. तुझा नवरा म्हणतो, आई, तुझं तोंड म्हणजे उघडी खिडकी आहे. कागदाचं एक बरं असतं.

तू सांगितलेली गोटीच्या पोहण्याची तयारी गेल्या आठवड्यापासूनच सुरू केली आहे. डोक्यावरून पाणी सोडायच्या आधी "एक, दोन, तीन" म्हणायचं म्हणजे तिला कळतं, ते अगदी लागू पडलं. तीन म्हटलं की डोळे गच्च मिटते आणि ओठ असे आवळते की जणू कोणी औषध पाजायला आलंय. पण त्याचं काय झालं ऐक. काल संध्याकाळी तुझा नवरा कोणाच्या तरी फ्रिजचे स्क्रू जमिनीवर मांडून मोजत होता. एक, दोन, तीन. आणि ही पलंगावर डोळे मिटून, तोंड आवळून, पाण्याची वाट बघत बसली! इतके हसलो आम्ही दोघं की त्याचे स्क्रू पलंगाखाली गेले.

टबात पाठीवर निजवून बघितलं. मानेखाली हात ठेवला की शांत पडते. कान डॉक्टरांना दाखवले, साफ आहेत म्हणाले, सर्दी नसेल तर खुशाल न्या. तू आणलेला पिवळा पोहायचा पोशाख कपाटात वरच्या खणात आहे, त्याचं लेबल तूच काढणार आहेस हे माझ्या लक्षात आहे.

तू म्हणालीस ते पण लक्षात आहे. "आई, तिचा दात मी फोनवर बघितला, रांगणं व्हिडिओत बघितलं. पाण्यात मात्र ती पहिल्यांदा माझ्याच हातात उतरायला हवी. एवढी एक पहिली वेळ माझ्यासाठी ठेवा." बोलताना तुझा आवाज जरा बसला होता, का ती रेंज होती कोण जाणे. मी म्हटलं ठेवते. त्यात काय मोठंसं. पोहण्यात पदकं मिळवलेली तू, तुझ्याशिवाय दुसरं कोण नेणार तिला? मला तर बादलीपेक्षा खोल पाणी माहीत नाही.

दातावरून आठवलं, रागावू नकोस हं. फोनवर तू "दात! दात आलाय!" असं ओरडलीस तेव्हा मी पण "अगं बाई, खरंच की" म्हटलं. मला आधीच कळला होता तो. भरवताना चमचा टिक् करून वाजायचा. पण म्हटलं तिच्या आईला आधी दिसू दे. तुझ्या नवऱ्यालाही नाही बोलले. एवढं खोटं चालतं ना गं?

तू कामावर परत गेलीस त्या दिवशी मी दारात रडले ते खोटं नव्हतं. तुला वाटलं असेल, सासू आहे, रडून दाखवतेय. नाही. पण तुझी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि गोटी माझ्या मानेत तोंड खुपसून झोपली, तेव्हा मला आतून असं काही

चहा उतू गेला. बाकी सगळं ठीक. बोगद्यात टोपी घालत जा, वरून दगड पडतात म्हणे.

आई

बुधवार, पंधरा

सूनबाई,

आज थैली जायची आहे म्हणून घाईत लिहिते. रविवारी मी फोनवर फार वेळ थांबले नाही, त्याचं कारण गॅसवर दूध होतं. तू म्हणालीस, आई कुठे आहेत, दिसत नाहीत. दूधच होतं.

तळ्याची पाहणी करून आले. तळं म्हणजे तुमचा तो पूल. मी तळंच म्हणणार. म्हटलं, तू दोन दिवसांची रजा काढून येणार, आणि त्या दिवशी नेमकं कुलूप असलं तर? म्हणून नुसतं बघायला गेले. गोटीला कोणापाशी ठेवणार, म्हणून तिला पण घेऊन गेले. बसच्या डेपोपलीकडे ती निळ्या काचांची इमारत आहे ना, तीच. आत शिरलं की धुलाईच्या दुकानासारखा वास येतो. मी इतकी वर्षं लाँड्रीत इस्त्री केली, मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मोठ्यांचं तळं वेगळं, बाळांचं वेगळं, काचेच्या भिंतीपलीकडे. छोट्या तळ्याचं पाणी गरम असतं. कोमट नाही, चांगलं गरम, बाळाला अंघोळीला घेतो तसं.

तिथे एक बाई आहेत, दणकट, केस बारीक कापलेले. गळ्यात शिट्टी. पण बाळांच्या तळ्यात शिट्टी वाजवत नाहीत, बाळं दचकतात म्हणून. नुसती अडकवून हिंडतात. मी मनात त्यांचं नाव शिट्टीवाली ठेवलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. यायच्या आधी पोटभर पाजायचं नाही. आधी शॉवर घ्यायचा, मोठ्यांनी पण. बाळाला पाण्यातला वेगळा लंगोट लागतो, तो मांडीला घट्ट बसला पाहिजे, नाहीतर सगळ्यांना तळ्याबाहेर निघावं लागतं आणि ज्याच्या बाळाने केलं त्याच्याकडे सगळे बघतात. पहिल्या खेपेला अर्ध्या तासाच्या आत बाहेर. ओठ निळसर दिसले की लगेच. फरशी ओली असते, तिथली रबरी चप्पल घालायची, ती डाव्या पायाची नेहमी ढिली असते.

त्या तळ्यात पायऱ्या आहेत आणि दांडा आहे, त्यामुळे माझ्यासारखीला सुद्धा उतरता येतं. कमरेपर्यंत पाणी आलं की गुडघे दुखायचेच थांबतात. इतकं हलकं वाटतं की आपलंच अंग कोणीतरी हातावर घेतलंय असं वाटतं. म्हणजे असं त्या शिट्टीवाली म्हणाल्या.

गोटी मजेत आहे. तिला तळं आवडेल असं वाटतं. मला तरी वाटतं.

पिवळा पोशाख मी एकदा धुवून ठेवला आहे. नवीन कपडा धुवूनच अंगाला लावावा, दुकानात किती हात लागलेले असतात. धुताना लेबल भिजलं असतं म्हणून काढावं लागलं. तुला म्हणून आधीच सांगते.

तू पोटभर जेवतेस ना? परवा फोटोत गळ्याची हाडं दिसली. गोटीची एक सवय सांगायची राहिली, हल्ली ती पाण्याचा नुसता आवाज आला तरी दोन्ही हात पसरते आणि

पुढच्या वेळी लिहीन. कचेरी बंद होईल.

आई

मंगळवार, एकवीस

सूनबाई,

हे पत्र तू बसून वाच. उभ्याने वाचू नकोस. नाही, तसं काही नाही, गोटी ठणठणीत आहे. आधी तेच सांगते, गोटीला काही झालेलं नाही, ही बघ आत्ता माझी पेन्सिल ओढतेय.

तुझा नवरा गुरुवारी घरी आला, गोटीला उचललं, तिच्या डोक्याचा वास घेतला आणि तिथेच थांबला.

"आई, हिच्या डोक्याला क्लोरिनचा वास कसा येतोय?"

मी म्हटलं, "साबण बदलला."

"असल्या वासाचा साबण?"

"दुकानदाराने दिला."

सकाळी दोरीवर वाळत घातलेला पिवळा पोशाख काढून त्याने हुंगला. मी लाँड्रीतली बाई, वासाचं काही चालू देत नाही, पण त्या तळ्याचा वास तीन पाण्यांनी जात नाही बघ.

"किती वेळा नेलंस?"

"एकदाच."

"आई."

"दोनदा."

"आई!"

"बरं बाबा, तीन," म्हटलं मी, आणि गोटीने डोळे गच्च मिटले. तुझ्या नवऱ्याला हसू आलं, पण त्याने गिळून टाकलं. म्हणाला, "तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं मीच लिहीन. तर म्हणतो, रविवारी फोनवर सांग. मी म्हटलं, फोनवर तोंड दिसतं रे. रविवारी मी परत दुधाकडे गेले. तुला तर दूध नव्हतंच हे कळलं असेल.

तर झालं असं. मी त्या पहिल्या शुक्रवारी खरंच नुसती बघायला गेले होते. म्हणजे पिशवीत पोशाख होता. लंगोट पण होता. पण ते नुसते घेऊन ठेवले होते, लागले तर असावेत म्हणून. काठावर उभी राहिले तर एक बाळ आईच्या कडेवर असं रडत होतं, असं रडत होतं की ती बिचारी रडकुंडीला आली. शिट्टीवाली म्हणाल्या, पहिल्या वेळी बहुतेक बाळं रडतातच, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खुलतात.

ते माझ्या डोक्यात बसलं. म्हटलं, ही पोर डोंगरातून दोन दिवस काढून येणार. इतके दिवस मनात चित्र रंगवून येणार. आणि गोटी रडली तर? तिच्या वाट्याला नुसतं रडणंच यायचं. आपण काय करतो, घास गरम असेल तर आधी आपल्या जिभेला लावून बघतो ना? तसंच मला वाटलं. रडायचं आहे ते माझ्यापाशी रडून घेऊ दे. एकदा तालीम होऊन जाऊ दे. हसेल ती तुझ्यापाशी. दातासारखंच, मी काही बोलायचं नाही, तू आलीस की "अगं बाई, खरंच की" म्हणायचं. कोणाला कळणार?

मला घालायला काही नव्हतं. शिट्टीवालींनी त्यांच्याकडचा एक काळा पोशाख दिला, मनगटापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटणारा. आरशात बघितलं तर वांगं दिसत होते, देठासकट, कारण टोपी हिरवी होती. दांडा धरून उतरले. गोटीला घट्ट धरलं, म्हटलं, रड आता.

ती रडली नाही गं.

तिने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाण्यावर एक थाप मारली आणि अशी हसली, पोटापासून, की सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. माझा बेतच तिने हाणून पाडला. तेव्हाच मी बाहेर यायला हवं होतं. तिला घेऊन, पायऱ्या चढून, तडक. पण मी आले नाही. मी तिला पाण्यावर आडवी धरली आणि तिने पाय मारले. मला तुझी आठवणसुद्धा आली नाही. कपडे बदलताना आली.

मग दुसऱ्यांदा का गेले ते मला सांगता येत नाही. आणि तिसऱ्यांदा तर तू विचारूच नकोस. तिसऱ्यांदा काही तालीम-बिलीम नव्हती.

तुझी ती एकच पहिली वेळ होती आणि ती मी खाऊन टाकली. आता जे बोलायचं ते बोल.

आई

मंगळवार, अठ्ठावीस

सूनबाई,

रविवारी तुझा फोन आला नाही. तुझा नवरा म्हणाला, रेंज नसेल. मी पण म्हटलं, नसेल. दोघंही फोन समोर ठेवून बसलो होतो, आणि दोघांनाही रेंजचं माहीत होतं.

आज तुझी चिठ्ठी आली. तू नेहमी मला लांबलचक लिहितेस, बोगद्यात कुठे पाणी लागलं, कुठल्या इंजिनिअरशी भांडलीस, मला अर्धं कळत नाही तरी वाचते. या वेळी एवढंच होतं. "आई, गोटी तुमच्याकडे आहे म्हणून मी इथे शांत झोपते. म्हणून मी काही बोलू शकत नाही. रविवारी मी तिला तळ्यावर नेईन. तुम्ही घरी थांबा."

तू चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. काही बोलू शकत नाही, हे वाचून मला जेवण गेलं नाही.

खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. म्हटलं, दिवसभर हिला कोण बघतं? ताप आला तेव्हा छातीशी धरून कोण हिंडलं? आणि तुला तेवढं तळ्याचं पाणी मनाला लागलं. तुझ्या नवऱ्यासमोर भांडी आपटली. तो म्हणाला, "आपट, आपट. पण ती तिकडे डोंगराच्या पोटात उभी राहून मापं घेते ना, तेव्हा तिच्या खिशात गोटीचा मोजा असतो. तुला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. एक मोजा हरवला म्हणून मी वॉशिंग मशीनला दोष देत होते.

मग भांडी खाली ठेवली.

त्या तिसऱ्या खेपेनंतर मी तिला तळ्यावर नेलेलं नाही. फिरायला नेताना डेपोचं वळण आलं की ती बाबागाडीत बसल्या बसल्या अख्खं अंग तिकडे झोकून देते, दोन्ही हात पसरून. मी गाडी फिरवते आणि घरी आणते. ती रडते. तिला वाटत असेल आजीला काय झालं. ती रडते तेव्हा मला दर वेळी वाटतं, हे रडणं मीच तिला दिलं. आधी आवड लावली मी, आता तोडतेय पण मीच.

पिशवी भरून ठेवली आहे, मोठा टॉवेल, लंगोट दोन, पोशाख. मी घरी थांबेन. तू सांगितलंस ते बरोबर आहे.

ये सांभाळून.

आई

मंगळवार, पाच तारीख

सूनबाई,

काल सकाळी तू गेलीस. उंबऱ्यात बूट घालताना, माझ्याकडे न बघता विचारलंस, "तुम्हाला बघवलं नाही ना?" मी काही बोलले नाही. गोटी कडेवर होती, गाडी खाली हॉर्न देत होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. एरवी ज्या तोंडाला दार नाही, ते नेमकं तेव्हा बंद. मग तू "येते" म्हणालीस आणि उतरलीस. जिना संपेपर्यंत मी उत्तर शोधत होते. आता सापडलंय म्हणून लिहिते. या पत्रात मी काही राखून ठेवणार नाही.

रविवारी मी घरीच थांबणार होते. तुझ्या नवऱ्याला नेमकं कोणाचं तरी कोल्ड स्टोरेज बंद पडल्याचा फोन आला नसता, तर तोच तुझ्याबरोबर आला असता. मी गोटीची पिशवी तुझ्या खांद्याला अडकवली आणि आत वळले. तूच म्हणालीस, "चला आई. कपडे धरायला कोणीतरी लागेलच." कपडे धरायला. बोचलं मला, पण चप्पल घातलीच. तू थांब म्हणालीस तरी मन तिथेच होतं, तू चल म्हटल्यावर कशाला मागे राहतेय.

आणि आत शिरताच त्या शिट्टीवालीने घात केला. "काय आजीबाई, आज कोरड्याच?" आणि मग तुला, "तुम्ही बाळाच्या आई का? तुमची लेक आमची जुनी मेंबर हो!" ती बाई प्रेमाने बोलली. तू हसून "हो का" म्हणालीस. माझ्या पायाखाली ओली फरशी होती, ती उघडून मला आत घेईल तर बरं असं वाटलं.

तू पाण्यात उतरलीस. तुझं उतरणं बघून मला कळलं, पाण्यात उतरणं कशाला म्हणतात. मी दांड्याला लोंबकळत जाते, तू घरात शिरावं तशी गेलीस. मी काठावरच्या बाकावर बसले. गोटीने आधी पाण्याकडे बघितलं. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की मी बाहेर आहे आणि ती आत आहे. पुढचं तुला माहीत आहे. ती अशी रडली, हात माझ्याकडे पसरून, की काचेपलीकडचे मोठे पोहणारे पण थांबले. तू तिला हलवलंस, गाणं म्हटलंस, पाण्यावर गोल फिरवलंस. ती प्रत्येक गिरकीत मान मोडून मलाच शोधत होती.

मग तू काठाशी आलीस. तिला वर उचलून माझ्यासमोर धरलंस आणि म्हणालीस, "घ्या. तिला तुम्हीच हव्यात."

आता ऐक. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण ते तुला सांगितलं नाही तर बाकी सगळं सांगून काही उपयोग नाही. मला आनंद झाला. तुझा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, हनुवटी थरथरत होती, गालावरचं पाणी तळ्याचं की तुझं ते मला कळत होतं. आणि तरी आधी आनंदच झाला. आतून उकळ्या फुटल्या. बघा, तिला मीच हवी. माझे हात पुढे सुद्धा आले होते. तुला दिसले असतील. तिची बोटं माझ्या बोटांना लागली होती.

तू कामावर गेलीस त्या सकाळी, गोटी माझ्या मानेत झोपल्यावर, मला आतून जे वाटलं होतं ते मी पहिल्या पत्रात लिहायला घेतलं आणि चहा उतू गेला म्हणून सोडून दिलं. चहा काही उतू गेला नव्हता. मला वाटलं होतं, आता ही माझी. बास, एवढंच. तळ्यावर तीनदा नेलं ते त्याच्यापुढे काहीच नाही. ते वाटणं दिवसभर माझ्याबरोबर घरात हिंडतं, आणि तू तिकडे माझ्या भरवशावर शांत झोपतेस.

म्हणून मी हात मागे घेतले. "मी नाही," म्हटलं आणि उठले. तू मागून ओरडलीस, "आई, कुठे निघालात? आता रुसवे नकोत हं!" बाकीच्या बायकांनी पण ऐकलं. रुसले नव्हते गं. मी समोर दिसत होते तोवर ती तुझ्याकडे बघणारच नव्हती. मी बाजूला झाल्याशिवाय तिला तू दिसणार नव्हतीस. हे तुला तिथे सांगत बसले असते तर ती आणखी दहा वेळा माझ्याकडे झेपावली असती. तेवढं बळ माझ्यात नव्हतं, सांगते तुला. अकराव्या वेळी मी घेतलं असतं तिला.

कपडे बदलायच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि तिचे कपडे मांडीवर घेऊन बसले. कपडेच धरायला आले होते ना. दार जाड आहे, पण रडणं येतच होतं. आधी तर आणखी वाढलं. दोनदा मी उठले. भिंतीला कपडे अडकवायचा खुंटा आहे, तो धरून उभी राहिले. एक बाई केस पुसत होती, ती म्हणाली, "तुमचं बाळ का? जाऊन घ्या ना." मी म्हटलं, "तिची आई आहे तिथे." हे वाक्य मी आजवर किती वेळा बोलले असेन, पण या वेळी ते बोलताना मी खुंटा आणखी घट्ट धरला.

मग रडण्यात खंड पडायला लागला. मध्येच एक हुंदका, मध्येच एक आचका. मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वाईट होतं. मी कान दाराला लावला. पाण्याची एक थाप. मग आणखी एक. आणि मग ती हसली. ते हसू मी कुठेही ओळखेन. पण त्याच्या मागोमाग आणखी एक हसू आलं, मोठं, मोकळं, जरा घोगरं. मला वाटलं कोणीतरी दुसरी बाई असेल. मग लक्षात आलं, ती तू होतीस. इतकी वर्षं तू माझ्या घरात आहेस आणि तू अशी हसतेस हे मला माहीतच नव्हतं.

तू विचारलंस, बघवलं नाही ना. मला बघायचं होतं. फार बघायचं होतं गं. त्या दाराला वरती एक छोटी काच आहे. टाचा उंच केल्या असत्या तर दिसलं असतं. मी टाचा उंच केल्या नाहीत.

तुम्ही ओल्या केसांनी आत आलात तेव्हा गोटी तुझ्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती. तिने मला बघितलं आणि हात पसरले नाहीत. नुसती हसली. मला वाटलं होतं मला लागेल. लागलंच, पण जेवढं वाटलं होतं तेवढं नाही. घरी येईपर्यंत आपण दोघी तिच्याशीच बोलत राहिलो.

शिट्टीवालीला विचारलं तर सगळं सांगेल, तिने काठावरून पाहिलं असणारच. पण मी विचारायला जाणार नाही. इतके महिने तिचं सगळं मी बघितलं आणि मी तुला लिहिलं, जे लिहायचं ते आणि जे नको ते पण. एवढं एक मी बघितलेलं नाही. ते तुझ्याकडे आहे, तुझ्याकडेच राहू दे.

पण कधी तुला वाटलं, नवरा शेजारी नसेल, रेंज बरी असेल, आणि माझ्यावरचा राग थोडा उतरला असेल, तर सांगशील का? ती रडायची थांबली तेव्हा तू नक्की काय केलंस गं?

आई